हँडलला धरून नाही

नाही हो ताई, काखेत हात नाही घालायचा — सोडा, सोडा ती वळकटी. आत्ता या गादीवरच शिकून घ्या, आतल्या माणसावर नको. हे बघा, हे यांचं डोकं समजा, ही उजवी बाजू, लकव्याच्या झटक्यात गेलेली. तो हात ओढायचा नाही. दंडाला धरायचं नाही. एक हात पाठीमागून खांद्याच्या पात्याखाली — पात्याखाली हं, खांद्याला नाही — दुसरा कमरेशी, नि सगळा माणूस एकदम कुशीवर वळवून मग बसता करायचा. हां, असं. जमतंय की तुम्हाला. तुमच्याआधी कामाला होत्या त्या दोघींना शेवटपर्यंत जमलं नाही, दिसला हात की ओढ.

मी का नाही करत? मघाशी सांगितलं ना, माझाच खांदा धरलाय. वय झालं आता — सूज आहे म्हणे, जड उचलायचं नाही. बरं, ती झोळी दाखवायची राहिली, थांबा, कपाटावर ठेवलीय — ही घ्या. बसवलं की हात यात. लोंबू द्यायचा नाही, हाताचं वजन सांध्याला ओढतं. झोपले की दंडाखाली उशी. शेक कोमटच द्यायचा, त्यांच्या कातडीला चटका कळत नाही — आत मात्र सगळं कळतं. सदरा घालताना आधी तो हात, काढताना तो शेवटी. व्यायाम देणाऱ्या बाई येतात एक दिवसाआड, त्यांच्यावर सोडा, तुम्ही हौसेनं हात वर करायला जाऊ नका.

काय बघताय एवढं?

हो. गेला खरा माझा हात वर. पार कपाटाच्या टोकापर्यंत गेला. बरं बाई, नाही दुखत माझा खांदा. दुखला असता तर बरं झालं असतं.

बसा. तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर दोन दिवसांत तुमचं तुम्हालाच कळेल. घरसामान हलवायचं काम होतं यांचं, तीस वर्षं. पाठीवर कपाट घेऊन चार-चार जिने चढायचे, कधी साधा ओरखडा नाही. हाताखालच्या माणसांवर ओरडायचे — हँडलला धरून ओढू नका रे, खालून धरा, कवेत घ्या! या घरात आलो तेव्हा मी घाईघाईत एक कपाट ओढलं, तर हँडलच हातात आलं. काय हसले होते! वर्षभर पाहुण्यांना सांगत होते.

आणि मी त्यांनाच हँडलला धरून ओढलं. आठ महिने. सकाळी उठवताना, संडासला नेताना, जेवायला बसवताना — तो लुळा हात धरायचा नि हिसका द्यायचा. कुणी शिकवलंच नव्हतं हो, दवाखान्यातून गोळ्यांची चिठ्ठी दिली नि घरी पाठवलं. नणंद आली की तिला कौतुकानं करून दाखवायची — बघा, एकटी उठवते! बोलता येत नाही त्यांना, नुसतं आं आं करतात. डोळ्यांतून पाणी यायचं. मला वाटायचं, बायकोला त्रास होतो म्हणून रडतात. मी आपली डोळे पुसायची, म्हणायची, अहो, मला नाही हो तुमचं ओझं — नि परत ओढायची.

मग एकदा ताप हटेना म्हणून डॉक्टर घरी आले. छाती तपासता तपासता खांद्यावर बोट ठेवलं, तर हाडाखाली बोटभर खड्डा. सांधा खाली उतरलेला. नंतर सोनोग्राफीत दिसलं, आत सगळी सूज, पाणी धरलेलं. पण त्या दिवशी त्यांनी यांनाच विचारलं — तुम्हाला या हाताला धरून कोण उठवतं? आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला. त्यांनी डावा हात उचलला नि माझ्याकडे बोट केलं. लगेच केलं, ताई. जरासुद्धा थांबले नाहीत.

सांध्यात सुई दिली, ठणका थोडा उतरला. पण सांधा आखडला तो आखडलाच. सुटेल का म्हणून मी विचारलं, तर डॉक्टर चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

आता मी खोलीत गेले की ते डाव्या हातानं उजवा हात झाकतात. नुसतं पाणी द्यायला गेले तरी. मी शिकलेय हो सगळं, तुमच्यापेक्षा हलक्या हातानं उचलेन — ते कुणाला सांगू? त्यांना? चाळीस वर्षं एका घरात काढली, नि आता माझी चप्पल वाजली की अंग चोरतात.

ऐकलंत? पलंगावर टकटक. पाणी हवंय. जा तुम्ही, भांडं उशाशी आहे. डाव्या बाजूनं जा, म्हणजे घाबरणार नाहीत. आणि दाराकडे बघायला लागले, तर सांगा, ती बाहेर गेलीय, उशिरा येईल. सांगा तसं. बरं वाटेल त्यांना.

जा ना. माझ्याकडे काय बघताय?