पवनेकाठचं नीलशीर

—नाही नाही, ते नव्हे साहेब, ते हळदी-कुंकू बदक. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके — ते आपल्याकडचंच, बारमाही. त्याच्या शेजारचं बघा. हिरवं डोकं, गळ्यात पांढरी कड, शेपटीला वळलेली पिसं — नीलशीर. माद्या दोघांच्या सारख्याच मातकट, तिथं भलेभले फसतात, पण नराला कोण चुकेल? तुम्ही पुण्याहून नोंद तपासायला आलात, तर तपासा ना, मी कुठं नाही म्हणतोय? मी स्वतः चाकणला क्वालिटीला होतो. ह्या बबनरावांचा शिक्का नसला की माल गेटबाहेर जायचा नाही. आता घरी आमटीत मीठ बरोबर आहे का, एवढंसुद्धा कुणी विचारत नाही. पण ह्याचा फोटो पक्ष्यांच्या ग्रुपवर टाकला आणि लोक यायला लागले — चिंचवडहून, आळंदीहून, कुठून कुठून — आणि सर म्हणतात हो मला.

जाड वाटतं? आहे जरा जाड. थंडीत फुगत असतील. उडताना... उडताना मी नाही पाहिलेलं, पण हिमालय ओलांडून यायचं म्हणजे दमणारच ना जीव. उन्हाळ्यात? हो, मे महिन्यातही इथंच होतं. आवडली असेल त्याला काळेवाडी. आणि माणसाला बुजत नाही म्हणता, तर तसं नाही, परक्याला बुजतं. दुर्गाबाईंनी डबा वाजवला तरच येतं. दुर्गाबाई म्हणजे त्या पत्र्याच्या घरातल्या, कोंबड्या पाळतात — कोंबड्याच. म्हणजे, बहुतेक कोंबड्याच.

ह्या आत्ताच कशाला आल्या डबा घेऊन. तुम्ही इकडं बघा, इकडं खंड्या बसलाय छान — तिकडं नको कॅमेरा, अहो साहेब... निघालं. निघालं बघा डुलत डुलत त्यांच्या मागं, खुराड्याकडं.

तुम्हाला आल्या आल्याच कळलं होतं, हो ना? मला कधी कळलं ते विचारू नका. रिजेक्ट माल ओळखायचाच पगार घेतला आयुष्यभर.

लिहा तुम्ही, खोटं लिहा असं मी कशाला म्हणेन. फक्त सोमवारी लिहा. रविवारी आमची विजयश्री यायचीय — माझी मिसेस. म्हणाली, एवढी माणसं तुमचं ऐकायला येतात तर मीही येते एकदा. इतकी वर्षं झाली लग्नाला, मी बोलतोय आणि ती ऐकतीय असं कधी — जाऊ दे. निघा तुम्ही. उतारावर शेवाळं आहे, जपून जा.