आडवं झालं की

पंच्याऐंशी साली बेळगावच्या एका दवाखान्यात मी बाकावर बसलो होतो. निपाणीच्या वृद्धाश्रमातल्या धोंडूबाई तपासून बाहेर आल्या. त्यांना घेऊन आलेली अंजना माझ्या शेजारीच होती.

"बीपीच न्हवं, आक्का?"

"न्हाय. मान वळवून झटदिशी आडवं केलं मला आणि डोळं बघत बसले. सगळं गरगरलं."

"म्हणून तर म्हणतो, चक्कर आली की पडून ऱ्हावा."

"अगं, पडल्यावरच येती! दिवाळीपासनं सांगालोय."

"गोळी काय दिली?"

"गोळी न्हाय. कानातला दोष हाय. रोज कुशीवर पडायचं, थांबायचं, उठायचं. हळूहळू जाईल म्हणाले."

"एवढ्यासाठी एस्टीनं बेळगाव? आणि रात्रभर बसून जप करता, तवा न्हाय येत चक्कर?"

"जप कुठला, अंजना? आडवं व्हायचं भ्या वाटतंय, म्हणून बसून झोपतो."