न येणाऱ्याचं अंथरूण

त्या खाटेवर नको. इकडं ये, ओंडक्यावर बस. अंथरूण घातलंय तिथं, दिसत नाही का? — हां. बाटल्यांची पेटी खालीच राहू दे. कॉफी चुलीवर आहे, तुझी तूच ओत. गोड नाही. गोड ती करायची.

कळलं नाही तुला? तिकडं पापान्तला शहरात बसून करता काय तुम्ही लोक? एर्मेलिंदा गेली. माझी बायको, दुसरी कोण. टोपी घाल परत डोक्यावर, त्यानं काय होतंय. नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, लोक आले, मक्याचे तमाल खाऊन गेले, शेवटच्या दिवशी जमिनीवरचा क्रूस उचलला, संपलं. रडलो का? नाही रडलो. शेजारीण सगळ्यांना विचारत हिंडते, म्हणून आधीच सांगतो. परवा कोयता बोटावर बसला — रक्त वाहतंय आणि मी आपला बघतोय, दुसऱ्याचं बोट असावं तसा. कशानं काही होतच नाही.

आता तू कशाला आलास ते बोलू. वर वॅनिलाच्या वेली फुलल्यात आणि म्हाताऱ्याकडं फळ धरवायला माणूस नाही. बरोबर? लाजू नकोस, शेतकी इंजिनिअर ना तू, औषधं विकणं धंदा आहे तुझा. फूल पहाटे उमलतं, दुपारी मिटतं, उद्या गळतं. हातानं धरवलं तर शेंग, नाही तर काही नाही. सगळा बहर गळतोय, मी इथं बसलोय. शेजारणीनं तिच्या सुना पाठवल्या होत्या, परत पाठवल्या. कशाला? नको होत्या म्हणून.

गेल्या वर्षी तू हिच्यासमोर याच ओंडक्यावर बसला होतास, आठवतं? पोपटासारखा बोलत होतास. मक्याच्या, घेवड्याच्या फुलात म्हणे बीज धरायच्या जागा आधीच तयार असतात, आणि वॅनिलाच्या फुलात नसतातच. कुठं काय करायचं ते सगळं झाडाच्या वाणातच लिहिलेलं, पण पराग वर टेकेपर्यंत आत कोणी कामाला हात लावत नाही. पराग टेकला की एक रस सुटतो, तो खाली निरोप देतो, मग कुठं आत बारीक बारीक अंथरुणं घालायला घेतात. अंथरुणं हा शब्द हिचा. तू काहीतरी वेगळं म्हणालास, आणि ही चुलीपुढून हसली — ‘‘शहाणी आहे की मग. न येणाऱ्याचं अंथरूण कोण घालतं?’’

तुझ्या बाटलीत तोच रस, माणसानं केलेला. नुसता फवारा, हात लावायला नको. मी कुंपणाकडची एक वेल फवारली. का नाही, फुकट होतं. आणि शेंगा आल्या — खोटं बोलणार नाही — लांब, हिरव्या, बाजारात कोणी नाव ठेवलं नसतं. हिनं एक उभी चिरली. आत बी नाही. एक काळा कण नाही. तिनं अंगठा फिरवला आतून, मला दाखवला, स्वच्छ. म्हणाली, ‘‘बघा. निरोप आला म्हणून घातलं बिचारीनं, आणि आलं कोणीच नाही.’’ मी म्हटलं, शेंग ती शेंग. तेव्हा म्हटलं.

नाही, मला ते काम येत नाही. बायकांचं काम. ही बोटं बघ, कुऱ्हाडीची बोटं. ते नाजूक असतं — डाव्या हातात फूल धरायचं, संत्र्याच्या काट्यानं ओठ फाडायचा, आत पापुद्रा असतो नर आणि मादीच्या मध्ये, तो काट्यानं वर सारायचा आणि अंगठ्यानं दाबायचं. हलकं. डोळ्याची पापणी दाबावी तसं. एका घोसाला चार-पाचच, बाकीची सोडायची, वेलीलाही जगायचं असतं. — मला कसं माहीत? टोपली धरून तिच्यामागं उभा असायचो. इतकी वर्षं. टोपलीत काही नसायचंच, धरवताना टोपली लागते कुठं. कोणी वाटेनं आलं की म्हणायचो, कुंपण बघायला आलोय.

एक धरवलं मी. हो, मीच, आणखी कोण. स्वयंपाकघरामागच्या वेलीवर, तिचा काटा तिथंच बुंध्याला खोचलेला होता. काटा हातात होता, फूल समोर होतं, झालं. त्याचं काय एवढं. सकाळी जाऊन पाहिलं, आजूबाजूची सगळी खाली पडलेली. ते आहे. सुकलंय, पण सुटत नाही. बोटानं हलवून पाहिलं. धरलंय.

म्हणजे आत आता सुरू झालं असेल, नाही? तूच म्हणालास. तिथं कोणीतरी आलं तरी. तिथं घालायला अर्थ आहे.

तिकडं काय बघतोयस? — खाट आहे. तिची. संध्याकाळी घालतो, सकाळी काढतो. आज काढायची राहिली. झटकून घातलं नाही तर विंचू येतात, म्हणून घालतो.

बाटली नको मला. एकही ठेवू नकोस, फुकटसुद्धा नको. मी काय करतो ते माझ्या घरात करतो, वेलीला ते करायला लावणार नाही.

उद्या? उद्याची फुलं उद्या. ऊन चढलं, आजची मिटली.

कॉफी झाली ना तुझी? पेटी उचल. फाटक ओढून घे जाताना, डुकरं शिरतात.