माशाच्या पोटातली तीन वजनं

पुरवणी जबाब

नाव: पहिल्या जबाबात आहे तेच, तलावावर सगळे मला 'शिसेवाले' म्हणतात. वय: ५१ वर्षे. धंदा: मासेमारीच्या गळ, दोरी व वजनांचे दुकान. राहणार: दुकानाच्या वरची खोली.

आज सकाळी दहा वाजता बोलावल्यावरून चौकीत हजर होऊन मी सांगतो की, रविवारच्या बास माशाच्या स्पर्धेत माझ्या साडूने लबाडी केली, अशी तक्रार मी दिली होती. ती सगळीच खोटी नाही. त्याच्या माशाच्या पोटात शिसं होतं हे खरं आहे. ते तिथे कसं गेलं, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

गळ तळाशी जावा म्हणून दोरीला वजन लावतात. मी बावीस वर्षे अशी शिशाची वजनं ओततो. साचा सासऱ्यांनी लग्नात दिला. त्याचा एके ठिकाणी टवका उडाला आहे, त्यामुळे माझ्या प्रत्येक वजनाच्या बुडाशी बारीक खाच येते. सासरे स्वतः पट्टीचे मासेमार. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याशिवाय कुणाचं वजन लावलं नाही.

साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा, वय ३८. दोन वर्षांपूर्वी त्याने माझ्या दुकानासमोरच दुकान टाकलं आणि टंगस्टनची वजनं आणली. टंगस्टन शिशाहून जड आणि कडक. तेवढ्याच भाराचा तुकडा जवळजवळ निम्म्या आकाराचा होतो, गवतात कमी अडकतो, आणि तळाच्या दगडाला लागला की ठोका दोरीतून थेट बोटाला कळतो. शिसं मऊ. दगडाला लागो की चिखलाला, हाताला फारसा फरक कळत नाही. हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही. टंगस्टन म्हणजे नुसता भपका, असंच सांगत आलो. पितळ आणि पोलाद ठेवून पाहिलं, पण दोन्ही शिशाहून हलकी, तुकडा आणखी मोठा होतो. टंगस्टन घरच्या स्टोव्हवर वितळत नाही. तेही करून पाहिलं.

उन्हाळ्यात सासऱ्यांनी त्याचं वजन लावलं. त्या दिवशी जेवताना मला म्हणाले, "जावईबापू, अहो, तळातला दगड न् दगड कळला मला! इतकी वर्षं आंधळ्यासारखाच बसलो होतो म्हणायचं." बायको हसली आणि तिने त्यांना आणखी वाढलं. मी अर्ध्या ताटावरून उठलो.

पुढच्या आठवड्यात साडू मला टंगस्टनची डबी देऊन गेला. म्हणाला, "दादा, वापरून तर बघा. तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे." माझ्या अंगाची लाहीलाही झाली, हे लिहून घ्यावं. डबी मी उघडली नाही. आपण काल दुकानाच्या खणातून जप्त केलीत ती हीच.

सासऱ्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. स्पर्धा जो जिंकेल त्या जावयाला होडी देणार, असं त्यांनी दोघांनाही सांगितलं होतं. त्या होडीला दरवर्षी रंग मी देतो.

रविवारी दुपारी एकच्या सुमारास साडूची होडी काठाला लागली. सासरे त्याच्याबरोबर होते. त्याने त्यांना हाताला धरून पायऱ्यांवरून वर नेलं. त्याचा मासा होडीतल्या पाण्याच्या पेटीत जिवंत होता. माझा तोवर तोलून झाला होता, एक किलो नऊशे चाळीस ग्रॅम. मी पेटी उघडली आणि खिशातली वीस-वीस ग्रॅमची तीन वजनं माशाच्या घशातून आत ढकलली. मला कोणी पाहिलं नाही.

त्याचा मासा दोन किलो तीनशे दहा भरला. पंच आकडा लिहीत होते तोच मी ओरडलो, "पोट चिरा त्याचं, आत शिसं आहे!" चिरलं. तिन्ही निघाली. साडू म्हणाला, "दादा, माझ्याकडे शिसं येतच नाही." मी म्हटलं, "चोर असंच बोलतो." आणि तसाच इथे तक्रार द्यायला आलो.

मला विचारण्यात आलं की, खणात टंगस्टन असताना शिसं का घातलं. तर त्याच्या मालाला हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. दुसरं काही सुचलंच नाही.

सासऱ्यांनी पंचांच्या टेबलावरचं एक वजन उचलून बुडावरून अंगठा फिरवला होता, ते मी पाहिलं होतं. खाच दाखवायला काल तेच चौकीचा जिना चढून आले, हे मला आज इथे समजलं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, फक्त एक गोष्ट राहिली ती खाली घ्यावी. वजनं काढल्यावर पंचांनी मासा पुन्हा तोलला होता. दोन किलो दोनशे पन्नास भरला. माझ्यापेक्षा तीनशे दहा ग्रॅम जास्त. आता जबाब बरोबर आहे, सही करतो.