बाबांचे इअरप्लग

अगं, माझी मैत्रीण ऐनवेळी तापाने पडली, त्याबद्दल मी आजही तिचे आभार मानते. आमच्या लाडक्या रॉक बँडचा नाशिकमध्ये शो होता. आई एकटीला सोडेना, म्हणून बाबा आले. ओझरला कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. गेटवरच खिशातून इअरप्लग काढून कानात घातले.

"मशीन असो नाहीतर गिटार, कान आपलेच."

मी लाजून दोन पावलं पुढे उभी राहिले आणि प्रत्येक गाणं बेंबीच्या देठापासून गायले. मध्येच वळून पाहिलं, तर इअरप्लग बाबांच्या मुठीत.

परतताना द्वारका चौकातल्या सिग्नलला विचारलं, "का काढलेत?"

"त्या बँडवाल्यांचं मला काही कळलं नाही," बाबा म्हणाले. "पण शाळेच्या गॅदरिंगनंतर तू आजच गात होतीस."