मागून हाक मारायची नाय

मी पाचूबंदरची. वसईच्या किल्ल्याच्या कडेनं रस्ता येतो ना, तो जिथं संपतो आनि मासळीचा वास सुरू होतो, तिथं आमचं घर. लोक नाक धरतात, धरू देत, त्याच वासाच्या पैशावर मी शिकले. शाळेत पोरांसमोर मी चोख बोलते, पन इथं ओट्यावर आयच्या बाजूला बसले की जीभ आमचीच, तेव्हा तुम्ही लिहाल ते असंच लिहा, सुधारायला जाऊ नका. बाबा तांडेल, म्हंजे होडी त्यांच्या हुकमावर चालायची, आय बाजारात मासळी विकायला बसायची, मोठा भाऊ रॉकी बाबांच्या हाताखाली होडीवर. आनि मी फिलोमिना, घरची फिलू, मला पुस्तकांचं वेड कुठून लागलं देव जाने.

काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं एक रीत हाय. मानूस होडीवर जायला उंबऱ्याबाहेर पडला की त्याला मागून हाक मारायची नाय, आनि कुठं चाललास म्हनून विचारायचं तर मुळीच नाय. काय विसरला असेल तर घरामागच्या बोळातून धावत सुटायचं, सुकत घातलेल्या बोंबलांच्या खालून वाकून, आळीच्या तोंडाशी क्रूस हाय त्याच्याजवळ त्याच्या पुढं निघायचं, आनि मग समोरून चालत येऊन ती वस्तू गुपचूप त्याच्या हातात द्यायची. लहानपनी हे काम माझं. बाबा तंबाखूची डबी हमखास विसरायचे. मला तर वाटतं मुद्दाम विसरायचे, कारन मी धापा टाकत समोर आले की हसायचे नायत, पन मिशी हलायची.

शाळेतल्या सिस्टरनी मला जुनी इंग्लिश गोष्टींची पुस्तकं दिली, रानीच्या काळातली, दीडशे वर्षांपूर्वीची. त्यात धुकं, पोरकी पोरं, कुलूप लावलेल्या खोल्या आनि भुतं. मला ती भुतं ओळखीची वाटली, आमच्या किल्ल्यात त्यांची काय कमी हाय? मुंबईत एम.ए. करून झालं आनि दोन हजार दोन साली मला इंग्लंडात जाऊन त्याच काळाच्या साहित्यात दुसरं एम.ए. करायला स्कॉलरशिप लागली. बाबांनी विचारलं, हे पुस्तकं लिहिनारे सायब जिवंत हायत का? म्हटलं नाय, सगळे मेले. तर म्हनाले, मेलेल्यांचं वाचायला एवढ्या लांब कशाला, इथं काय मेले नायत? पन हे बोलताना माझी बॅग तेच बांधत होते, जाळ्याच्या दोरीनं, गाठीवर गाठ.

विमानतळावर मी काचेच्या दाराआत गेले. मी वळले नाय, त्यांनी हाक मारली नाय. रॉकी नंतर म्हनाला, विमान उडेपर्यंत बाबा तिथंच उभे होते. आमच्यात यालाच माया म्हनतात.

वर्गात मी एकटी भारतातली. सगळे मला विचारायचे, तुला आमच्या जुन्या पुस्तकांत काय एवढं? मी हसायचे. खोलीत एकटी भात शिजवायचे, सुकट नेलं होतं ते भाजलं तर बाजूचीनं खिडक्या उघडल्या, म्हनून मग तेबी सोडलं. आमच्या घरी फोन नव्हता, समोरच्या आग्नेसमावशीकडं होता. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मी कार्ड घेऊन रस्त्यावरच्या फोनच्या डब्यात शिरायचे, आनि मावशी आयला बोलवून आनायची. बाबा फोनवर यायचेच नायत, म्हनायचे, त्या नळीत बोलून काय कळतं.

मग मे महिना आला, पावसाआधी होड्या अजून चालू होत्या. माझ्या मॅडम म्हनाल्या, तू चांगलं लिहितेस, इथंच पीएच.डी. कर, अजून तीन-चार वर्षं. मला हो म्हनायचं होतं, पन बाबांना विचारल्याशिवाय कसं म्हनू? रविवार नव्हता, तरी मी दुपारी फोन केला. इकडं संध्याकाळ होती, पानी भरलं होतं, होडी निघायची वेळ. बाबा डबा घेऊन निघाले होते. रॉकी काटा लागून हात सुजला म्हनून घरी होता, आग्नेसमावशीनं त्याला सांगितलं फिलूचा फोन हाय, आनि त्यानं काय बोळ बघितला नाय, क्रूस बघितला नाय, ओट्यावरनंच बोंबलला, बाबा, आपल्या फिलूचा फोन.

आनि बाबा वळले. अर्ध्या वाटेवरनं परत आले. मी सगळं सांगितलं, तर म्हनाले, मेलेले सायब सोडत नायत तुला? बरं, शीक. मग म्हनाले, ठेव आता, पानी ओसरलं तर होडी चिखलात बसेल. तेवढंच. मला काय आनंद झाला होता, मी त्या फोनच्या डब्यातून नाचतच बाहेर आले.

समुद्र शांत होता, हे मला सगळ्यांनी सांगितलं, वारं नाय, उधान नाय. खलाशी म्हनाले, त्या रात्री तांडेल होडीच्या काठाशी उभे राहून जाळं ओढत होते, मध्येच मागं वळून बघितलं, कोनी हाक मारल्यासारखं, आनि पाय सुटला, पान्यात गेले. दिवसभर होड्या फिरल्या. बाबा मिळाले नायत, आजपर्यंत नाय.

मी आले. मिस्सा झाली, कबरस्तानात क्रूस लावला, खाली कोन नाय. आय माझ्याशी बोलायची, जेव म्हनायची, पन त्या फोनचं नाव काढायची नाय. रॉकी तर भिंतीकडं तोंड करून बसलेला. एके दिवशी आयनंच माझी बॅग भरली, म्हनाली, बाबा शीक म्हनाला ना, मग सुरू केलंस ते संपव. म्हनून परत गेले.

उन्हाळा होता, सगळी मुलं घरी गेलेली, लायब्ररीत मी आनि पुस्तकं. तिथं उजेड जाता जात नाय. आमच्याकडं भूत अंधारात येतं, मला तिथं भर उजेडात हाक आली. कपाटांच्या मधून, मागून. फिलू. बाबांचाच आवाज, तंबाखू दाढेत धरून बोलल्यासारखा. मी वळले नाय. मग ती रोज यायला लागली, पुलावर, दुकानात, भात ढवळताना. आनि मी प्रबंध कशावर लिहीत होते? जुन्या गोष्टींतल्या भुतांवर. मॅडमनी विचारलं, तुमच्याकडं भूत कशाला म्हनतात? मी म्हटलं, ज्याला पुरता आलं नाय त्याला. डिग्री मिळाली, चांगली मिळाली. पीएच.डी.ला मी नको म्हटलं आनि घरी आले. ती हाकबी माझ्या मागं घरी आली.

आता मी नालासोपाऱ्याच्या शाळेत इंग्लिश शिकवते. रॉकीनं होडी सोडली, वालीवला कारखान्यात जातो. तो कोनालाच हाक मारत नाय, स्वतःच्या पोरीलाबी नाय, जवळ जाऊन खांद्याला हात लावतो. इतकी वर्षं आम्ही दोघं आयच्या तोंडाकडं बघत होतो, ती आम्हाला दोषी धरते का म्हनून. विचारायची छाती होत नव्हती.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, त्या रिकाम्या क्रूसाजवळ मेनबत्त्या लावताना रॉकी एकदम म्हनाला, आय, हाक मी मारली. आय मेनबत्ती लावतच होती. म्हनाली, तुझ्या बापाला जल्मभर लोकांनी मागून हाका मारल्या, शेटनी मारल्या, दारुड्यांनी मारल्या, मी लग्नाच्या पहिल्या वर्षी येडेपनानं मारली, तो वळला कधी? बहिरा व्हायचा. त्या दिवशी तू पोरीचं नाव घेतलंस म्हनून वळला. आपल्या पायानं वळला. त्याला तिचा आवाज ऐकायचा होता, ऐकला, आनि गेला. रडायचं तर त्याच्यासाठी रडा, हाकेसाठी नको. रॉकी तिथंच खाली बसून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले. क्रूसापर्यंत गेले असेन, मागून हाक आली, फिलू. मी नेहमीसारखी चालत राहिले. परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा आळीतल्या बाया ओट्यावर उठून उभ्या राहिल्या, म्हंजे त्यांनाबी ऐकू आली, म्हनून मी वळले. आय दारात उभी होती, माझा डबा वर धरून, सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी ओरडत. मी धावत मागं गेले, तर म्हनाली, बोळातनं पळायला माझे पाय राहिले नायत, म्हनून मारली हाक, घे.

आनि ती दुसरी हाक, बाबांची, ती अजून येते. मघाशी तुम्ही चहा पीत होतात तेव्हाबी आली. आता मी वळते. मागं कोन नसतं. ओ देते, जरा थांबते, आनि कामाला लागते. देव बाबांना शांती देवो, आनि नसेल द्यायची, तर निदान ते मला हाक मारत राहू देत.