टॅक्सीच बरी, असं मीच म्हणालो

नाही, पण मी म्हणतो, टॅक्सीत वाईट काय होतं? सांगा ना तुम्हीच. चार चाकं, मागे डिकी, आपल्या दारात बसा आणि त्यांच्या दारात उतरा... माणसाने आणखी काय मागावं? पण नाही! विमानतळावर जायचं तर ट्रेननेच, असा आमच्या बायकोचा हुकूम, आणि मी नुसतं 'टॅ' म्हटलं तरी ती माझ्याकडे अशी बघते, जसं काही मी तिला हातगाडीवर घालून न्यायला निघालोय.

आणि गंमत कशी आहे बघा, रेल्वेत नोकरी केली मी. तिने नाही, मी! एकतीस वर्षं. तुम्ही म्हणाल, मग तुम्हीच ट्रेन म्हणायला हवं होतं. अहो, रेल्वेत होतो म्हणूनच तर टॅक्सी म्हणत होतो! स्टेशनवर माईकवरून गाड्या सांगतात ना, ते काम माझं. 'अमुक ठिकाणी जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक दोनवर येत आहे.' तो मी. एक खोली, एक माईक, एक फोन, आणि खिडकी नाही. खिडकीच नाही हो! फोन वाजायचा, पलीकडून साहेब म्हणायचे, 'सांगून टाका, थोड्याच वेळात.' मी विचारायचो, साहेब, गाडी आहे कुठे? तर म्हणायचे, 'तेच शोधतोय, तोवर तुम्ही सांगा.' आणि मी सांगायचो. शांतपणे, गोड आवाजात, गाडी जशी समोर दिसतेय अशा थाटात. थोड्याच वेळात म्हणजे किती, ते तुम्ही मला विचारा. त्या वेळात लोकांचा चहा पिऊन व्हायचा आणि पुन्हा भूक लागायची, असं मी ऐकलंय.

आता बायकोचं असं, की तिने मला पसंत केलं ते या आवाजावर. माझं तोंड तिने नंतर पाहिलं. कॉलेजला जाताना रोज फलाटावर ऐकायची, आणि लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा वडिलांना म्हणाली म्हणे, की या आवाजाचा माणूस खोटं बोलणार नाही. झालं! आता एवढ्या विश्वासापुढे कोणता शहाणा नवरा म्हणेल, की बाई गं, मी दिवसातून चाळीस वेळा खोटं बोलतो आणि त्याचाच पगार घेतो? मी नाही बोललो. एकतीस वर्षं नाही बोललो.

तर झालं काय, आमची लेक लांब परदेशात, नऊ तास विमानाने, आणि पहिलं बाळंतपण. जावई बोटीवर इंजिनिअर, तो समुद्रात कुठेतरी, त्याला बिचाऱ्याला किनारा लागायलाच पंधरा दिवस. लेक घरात एकटी. तारीख चार दिवसांवर, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आधीही होऊ शकतं. म्हणजे आईने तिथे पोहोचणं किती गरजेचं, ते मी सांगायला नको. आणि विमान कधी? दुपारी दोनला. हे चुकलं तर पुढचं तीन दिवसांनी. बॅगा घेणारी खिडकी बरोब्बर एकला बंद. म्हणजे एकच्या आत आमची ही तिथे उभी पाहिजे, दोन बॅगांसकट. एका बॅगेत हिचे कपडे, आणि दुसऱ्या बॅगेत झबली, टोपडी, दुपटी... अहो, बाळ एक होतं, दुपटी बावीस! बॅग किती भरतेय म्हणून मी ती कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो, मग नुसता उभा राहिलो, वजाबाकी केली, आणि त्या भानगडीत माझं वजन हिला कळलं. बॅगेचं राहिलं बाजूला.

आदल्या आठवड्यापासून घरात एकच विषय. ही म्हणते, ट्रेन थेट विमानतळाच्या खाली जाते, पस्तीस मिनिटं, वाटेत सिग्नल नाही की काही नाही. मी म्हणतो, टॅक्सी. ही म्हणते, ट्रेन अकरा चाळीसची आहे, वेळापत्रकात लिहिलंय. मी म्हटलं, लिहिणाऱ्याचं काय जातं? समोरचे दातांचे डॉक्टर, त्यांना आम्ही मध्यस्थ म्हणून बोलावलं, तर तेही ट्रेनच्याच बाजूचे निघाले. शेवटी मी रुसलो. रुसलो म्हणजे दोन जेवणं बोललो नाही. तेव्हा कुठे ही म्हणाली, बरं बाई, करा तुमची टॅक्सी.

जिंकलो ना मी? बसलो की नाही ऐटीत? टॅक्सी साडेदहाला सांगितलेली. साडेदहाला बॅगा दारात, ही दारात, मी दारात. टॅक्सी नाही. फोन केला. पलीकडून टॅक्सीवाला म्हणतो, 'काका, दोनच मिनिटं, कोपऱ्यावर आलोय.' दहा मिनिटांनी पुन्हा केला. 'काका, कोपऱ्यावरच आहे.' आणि तुम्हाला सांगतो, त्याचा तो आवाज... तो शांतपणा, तो गोडवा... मी ओळखलं! हा आपल्याच धंद्यातला माणूस आहे! हा अजून आंघोळीलासुद्धा गेलेला नाही! बायको म्हणाली, 'दोन मिनिटं म्हणतोय ना, येईल.' मी मनात म्हटलं, थोड्याच वेळात म्हणजे किती, ते तू मला विचार.

अकरा दहा झाले. हिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.  मी मुकाट बॅगा उचलल्या. दातांचे डॉक्टर दवाखान्यात निघालेच होते, त्यांनी गाडीतून स्टेशनवर सोडलं. आता तुम्ही विचाराल, मग विमानतळावरच का नाही सोडलं? अहो, मीही विचारलं. तर म्हणाले, साडेअकराची पेशंट अर्धी दाढ कोरून घरी पाठवलीय, ती तशी किती वेळ ठेवू?

तर आलो स्टेशनवर. अकरा पंचवीस. बाकावर बसलो, बॅगा पायाशी. ही एकदम खुशीत, डब्यातली बिस्किटं काढून मला एक दिलं, म्हणजे माफी. आणि तेवढ्यात वरच्या भोंग्यातून आवाज आला. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. विमानतळाकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक दोनवर येत आहे.'

कोणाचा आवाज? माझा!

मी निवृत्त होताना तीन दिवस एका खोलीत बसवून माझ्याकडून सगळं वाचून घेतलं होतं त्यांनी. सगळी स्टेशनं, एक ते शंभर आकडे, सकाळ, दुपार, संध्याकाळ. आता मशीन ते तुकडे जोडतं आणि लावतं. मी घरी भाजी निवडतोय आणि इकडे माझंच चालू आहे, थोड्याच वेळात, थोड्याच वेळात. शेजारी एक गृहस्थ पेपर वाचत होते. पेपरातून मान वर न करता म्हणाले, 'हा एक नंबरचा थापाड्या आहे.' मी मान डोलावली. काय करणार, माहीतगार माणूस! पण आमची ही उसळली ना! म्हणाली, तो माझ्या मिस्टरांचा आवाज आहे, आणि तोंड सांभाळून बोला. ते गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले, मी बुटाच्या नाडीकडे.

अकरा पस्तीस. पुन्हा मीच. 'थोड्याच वेळात...'  खरं सांगतो. मला ती खिडकी नसलेली खोली दिसायला लागली, फोनवरचे साहेब दिसायला लागले, लेक एकटी घरात पोट धरून बसलेली दिसायला लागली. म्हटलं, गेलं. गाडी नाही, विमान नाही, काही नाही. उठलो आणि म्हणालो, 'चल. बाहेर टॅक्सी उभ्या आहेत.'

ती म्हणाली, 'अहो, तुमचाच आवाज सांगतोय, येतेय म्हणून!'

मी म्हटलं, 'म्हणूनच म्हणतो, चल.'

आणि मग, तुम्हाला सांगतो, त्या बाकावर, एवढ्या लोकांत, जे मी लग्नाच्या बोलण्यात सांगितलं नाही, ते सांगून टाकलं. की बाई, मला एकतीस वर्षांत गाडी कधी दिसलीच नाही. फोनवर सांगायचे, तेच मी सांगायचो. येतेय की नाही, मला ठाऊकच नसायचं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं आता बोलेल, आता बोलेल... तर नाही. बिस्किटांचा डबा बंद केला, पर्समध्ये टाकला, एक बॅग उचलली आणि चालायला लागली. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं हो.

जिने उतरलो, बाहेर आलो, टॅक्सीत बॅगा घातल्या, डिकी बंद केली, दार लावलं... आणि वर फलाटावर गाडी आली. अकरा चाळीस. अकरा एकोणचाळीस नाही, एक्केचाळीस नाही, अकरा चाळीस! एकतीस वर्षांत कधी नाही, आणि आज! आता पळत जावं तर दोन जिने, दोन बॅगा आणि दोन म्हातारी माणसं. राहिलो बसून.

टॅक्सीवाला मात्र हुशार. निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. म्हणाला, हमरस्ता खोदून ठेवलाय, मी आतल्या रस्त्याने काढतो. आतल्या रस्त्यावर काय असावं? रेल्वेचं फाटक. आणि ते आमच्या तोंडावर बंद. आणि कोणत्या गाडीसाठी बंद? बोला, बोला! तीच, आमच्या मागून सुटलेली! डौलात गेली हो आमच्या नाकासमोरून, सावकाश, एकेक डबा दाखवत. ही काचेला नाक लावून बघत होती. स्टेशन सोडल्यापासून पहिल्यांदा बोलली. म्हणाली, 'खिडकीची जागासुद्धा रिकामी होती.'

मी घड्याळाकडे पाहायचं बंद केलं. फाटक उघडलं तर पुढे भाजीचा ट्रक, ट्रक वळला तर पुढे शाळा सुटलेली, आणि तेवढ्यात लेकीचा फोन. 'आई, निघालीस ना? मला सकाळपासून कसंसंच होतंय गं.'  पण ही काय म्हणाली असेल? चेहरा पांढरा पडलेला, हात माझ्या मनगटावर घट्ट, आणि आवाज असा शांत, असा गोड, की मी थक्क! म्हणाली, 'हो बाळा, विमानतळावरच आहे. थोड्याच वेळात येते.' विमानतळ अजून सात किलोमीटर होता. फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'असंच सांगायचात ना तुम्ही? लोकांनी घाबरू नये म्हणून?' मी हो म्हटलं. खरं तर असा विचार मी कधी केला नव्हता, साहेब सांगायचे म्हणून सांगायचो. पण तिला तसं वाटलं, तर वाटू दे ना! थोड्याच वेळात म्हणजे किती, ते तिने त्यानंतरही मला विचारलं नाही.

बारा चोपन्न. सहा मिनिटं हातात! मी एक बॅग घेऊन पळतोय, ही दुसरी घेऊन पळतेय, टॅक्सीवाला उरलेले पैसे द्यायला माझ्यामागे पळतोय... खिडकीवरच्या मुलीने बॅगा घेतल्या, हिच्या हातात कागद दिला, म्हणाली, आजी, आता पळा. आजी म्हणाली हो ती हिला! बाळ यायच्या आधीच!

पुढे जिथे नुसत्या तिकीटवाल्यांनाच सोडतात, तिथे मी थांबलो. ही वळली. मला वाटलं, काहीतरी बोलेल, आता तीन महिने दिसणार नाही. तर म्हणाली, गॅस बंद करत जा आणि उशीची खोळ बदला. आणि गेली. मला एकदम रडू आलं, लपवत नाही. कठड्याला धरून उभा राहिलो, लोक बाजूने जात होते. विमान दोनला उडालं. अगदी ठोक्याला. मी ट्रेनने घरी आलो. खिडकीशी बसून आलो.

रात्री जेवायला बसलो आणि फोन आला. मुलगी झाली! बाळ-बाळंतीण सुखरूप. आपल्याकडच्या संध्याकाळी सातला, म्हणजे आमची ही तेव्हा ढगात. तिकडच्या शेजारणीने लेकीला हॉस्पिटलात नेलं, तीच शेवटपर्यंत हात धरून बसली. आमच्या घराण्यात वेळेआधी पोहोचलेली नात ही पहिलीच व्यक्ती. मी इतका आनंदलो, की समोरच्या डॉक्टरांचं दार वाजवून त्यांना ताटावरून उठवलं.

मग आणखी काही तासांनी हिचा फोन. उतरली, हॉस्पिटलात पोहोचली, नात मांडीवर घेऊन बसलेली. आवाज भरून आलेला. म्हणाली, नाक तुमच्यावर गेलंय, पण होईल सुधारणा. आणि मग जरा थांबून म्हणाली, 'त्या वेळेला मी हवी होते हो इथे. ट्रेनने गेलो असतो, तर पोहोचले असते.'

आता तुम्हीच सांगा! ट्रेनने गेलो असतो तरी विमान तेच ना? दोनचंच ना? बारा पंधराला पोहोचून ही तिथे खुर्चीवर बिस्किटं खात बसली असती, पण उडाली असती दोनलाच! हिशेब किती सोपा आहे, लहान मुलालाही कळेल. मी तोंड उघडलंसुद्धा सांगायला... आणि पलीकडून ते एवढंसं रडणं ऐकू आलं, आणि त्याच्या मागून हिचं नाक ओढणं.

मग काय करणार? घसा साफ केला, आवाज लावला, आणि एकतीस वर्षं ज्या उशिरात माझा काडीचाही हात नव्हता, त्यासाठी रोज जे म्हणत आलो तेच म्हटलं, 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'